पिंजऱ्यांवरची कार्डं

प्रज्वलनं ए रांगेतलं पहिलं कार्ड काढलं आणि बी रांगेतल्या पिंजऱ्यावर खोचलं. तिथलं काढून इथं.

मग पुढचं.

आपण घाबरू असं त्याला वाटलं होतं. उलट भूक लागली.

महाळुंग्याच्या त्या प्रयोगशाळेत सगळ्या उंदरांना खाण्यातून किडनीचा आजार दिला होता. मग एका रांगेला पाण्यातून कुलदीप सरांचं नवं औषध, दुसरीला नुसतं पाणी. कुठल्या रांगेला काय, हे कुणालाच ठाऊक नसायचं, तशी रीतच. बाटल्यांवर फक्त ए आणि बी. उलगडा बंद पाकिटात.

पण डोळे असल्यावर पाकीट कशाला? ए रांगेतले उंदीर खंगले होते. आजार किडनीचा, पण त्यानं सारं अंग धरलं होतं. धाप लागायची, पाय वाकले होते, केस झडले होते. बी रांगेतले मात्र बोट दिसलं की अजून जाळीशी धावत. म्हणजे औषध बीला. उघड होतं.

उद्या तपासणी. बाटल्या काढून झाल्या होत्या. कुठला पिंजरा ए, कुठला बी, हे सांगायला उरली होती फक्त कार्डं.

उंदरांमध्ये हा आजार उभा करायची सगळी पद्धत प्रज्वलनं बसवली होती. शोधनिबंध छापून आला, तेव्हा सरांनी त्याचं नाव गाळलं. वर चहाच्या टेबलावर म्हणाले, "अरे भावा, उंदीर पाळणाऱ्याचं नाव लावलं तर उद्या उंदरांचंही लावावं लागेल!" सगळे हसले. प्रज्वलही हसला. ते हसणं तो अजून विसरला नव्हता.

"प्रज्वलदादा, औषध लागू पडलं का वो?" पिंजऱ्यांत भुसा भरणाऱ्या शालनबाईंनी मागून विचारलं. त्यांचे यजमान, आबाजी, डायलिसिसवर होते. "आमच्या म्हाताऱ्याच्या अंगाला नुसती खाज सुटती. जेवान जात न्हाई."

"सरांना विचारा," म्हणत त्यानं शेवटचं कार्ड खोचलं.

रक्त तपासलं. हृदयं, हाडं तपासली. सर उंदरांच्या खोलीत कधीच यायचे नाहीत. वासानं त्यांचं डोकं दुखे. त्यांच्यापुढे आले ते फक्त आकडे. ए चांगले, बी वाईट. प्रज्वल मागच्या खुर्चीत बसून सरांचा चेहरा उतरायची वाट बघत होता.

पाकीट फोडलं.

ए म्हणजे औषध.

टाळ्या. प्रज्वलला आधी काही उमगेना. मग उमगलं. खंगत होते तेच औषधाचे उंदीर. तगले होते ते पाण्यावरचे. औषधच ए रांगेला संपवत होतं, आणि ते झाकलं होतं त्यानं, स्वतःच्या हातानं.

"राव, जिंकलो आपण!" सरांनी त्याच्या गळ्यात हात टाकला. "झालं गेलं विसर. या निबंधावर पहिलं नाव तुझं. आता पुढची चाचणी माणसांवर!"

पेढे वाटत आलेल्या शालनबाई तिथंच थबकल्या. "सायेब, मग त्या चाचणीत पयलं नाव आमच्या म्हाताऱ्याचं लिवा की."

"लिहू की, बाई!"

त्यांनी प्रज्वलच्या हातावर पेढा ठेवला. तोंड उघडलं तर सर बुडणार होते, आणि त्यांच्याबरोबर तोही. गप्प बसलं तर एकटे आबाजी.

त्यानं पेढा खोक्यात परत ठेवला.

"उंदीर पाळणाऱ्याचं नाव लावू नका, सर," तो म्हणाला. "कार्डं त्यानंच बदललीत."