पंखावरच्या सुरकुत्या

बाबा कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये दाढी करायला गेले आणि इकडे तिने त्यांच्या हातच्या छोट्या विमानाच्या उजव्या पंखावरचा कागद सोलून काढला.

काढणारच ना! बघवतच नव्हतं. बाल्सा लाकडाचा तो सांगाडा, फुंकर मारली तर उडेल असा, आणि त्यावर बाबांनी चिकटवलेला टिश्यू पेपर म्हणजे नुकतंच कुणीतरी झोपून उठल्यावरची चादर. आजारपणापासून त्यांचा हात थरथरतो, ते तरी काय करणार! आणि उद्या मैदानावर त्यांची सगळी जुनी मंडळी आपापली घरी बनवलेली विमानं उडवायला जमणार. बाबा तर वर्षभराने पहिल्यांदा जाणार. हसतील ना सगळे! ही पडली शिवणकामवाली, साटीनसुद्धा हिच्या हाताखाली मुकाट बसतं. तिने नवा कागद कापला, खळ लावली आणि चारी बाजूंनी ताणताणून असा बसवला की टिचकी मारावी तर टण्ण वाजावं.

आता डावा पंख घेणार, तेवढ्यात दार वाजलं.

बाबा आले ते थेट टेबलाशी. तिने सोललेला कागद घाईने मुठीत दडपला. पण चष्मा त्यांच्या खिशातच होता, नवा कागद त्यांना कळला नाही. त्यांनी पाण्याच्या फवाऱ्याची बाटली उचलली.

"ये ठमे, जादू बघ."

"पाणी? अहो बाबा, कागद आहे तो!"

"म्हणून तर. वाळताना तो आक्रसतो. आपण सैलच ठेवायचा, सुरकुत्या आपोआप जातात."

डाव्या पंखावर फुस्स फुस्स. मग बाटली उजवीकडे वळली. थांबा म्हणायला तिने तोंड उघडलं. पण थांबा म्हणायचं म्हणजे का थांबा तेही सांगायचं. तिने तोंड मिटलं. फुस्स.

दोघं बघत बसली. डाव्या पंखावरची एकेक सुरकुती खरंच विरली, नव्या कॉलरसारखा कडक झाला तो. उजव्याला आक्रसायला जागाच कुठे होती? तो आधी वाकला, मग पिळला, मग आत बारीकसं कट्ट झालं आणि सांगाड्याची एक फासळी मोडली.

बाबांनी थरथरता हात डोळ्यांसमोर धरला. परक्याचा असावा तसा पाहिला.

"कागद जास्त ओढला गेला माझ्याकडून. कळतच नाही गं आता, किती जोर लागतोय ते."

"बाबा, ते मी..." तिने मोडकी फासळी बोटाने चाचपली. "मी नीट करून देते."

"देशील?" बाबांचा चेहरा केवढा उजळला! "मग यापुढे हे कागदाचं तूच बघत जा, बाई. तुझा हात चांगला आहे."

आणि ते उठले, आपली खुर्ची त्यांनी तिच्याकडे सरकवली.