मीटरची चकती

हिंगोलीतल्या त्या कचेरीला वीजबचतीचा हुकूम आला होता. सगळं बंद केल्यावर मीटरची चकती जागची हलता कामा नये, एवढंच त्यात बजावलेलं. म्हणून शिपाई देविदास स्टूल टाकून मीटरसमोर बसला आणि वायरमन शिवहार एकेका खोलीचा फ्यूज काढत सुटला.

सगळे फ्यूज निघाले. मेन स्विचही खाली ओढला. चकती फिरतच होती.

"काहून फिरून राहिली ही?" शिवहार चक्रावला.

तेवढ्यात भारनियमनाची वेळ झाली आणि समोरची पिठाची गिरणी घरघरत बंद पडली. आता गल्लीतच वीज नव्हती. तरी चकती फिरत होती.

उकाड्यानं माणसं उठून अंगणातल्या लिंबाखाली जाऊ लागली. साहेब बाहेर पडले, तशी चकती जरा मंदावली. दोन्ही कारकून गेले, ती आणखी मंदावली. देविदासनं वळून शिवहारकडे पाहिलं.

"शिवहारभाऊ, तुमी बी जरा बाहेर जाऊन पाहा बरं."

शिवहार हसतच उंबरा ओलांडून गेला. चकतीवरची लाल खूण आता अडखळत पुढं सरकत होती. देविदासनं छातीवर हात ठेवला. आतल्या प्रत्येक ठोक्याला ती बरोबर एकेकदा हलत होती.

त्याला उठून पळायचं होतं, पण पाय उचलेनात.

"थांबली का रे?" बाहेरून शिवहारनं हाक मारली.

"न्हाई," असं ओरडायला देविदासनं तोंड उघडलं. लाल खूण काचेच्या मधोमध आली आणि तिथंच थांबली.