पांढऱ्याखालचा राखाडी

फिलोमिनाबाईंनी टर्कीचं अंडं यंत्रात ठेवलं आणि पडद्यावर त्यातल्या पिलाचा मोठेपणीचा रंग उमटला. तो राखाडी होता.

तपासनीस मेल्विनने यंत्र बंद करून पुन्हा लावलं. रंग तोच आला.

“नर तांबूस, माद्या पांढऱ्या. मग हा राखाडी कुठून आला, बाय?”

“माद्यांकडून,” त्या म्हणाल्या. “पांढरेपणा नुसता वरचा पडदा असतो. खालचा रंग झाकला जातो, पुसला जात नाही. नराने तो पडदा बाजूला केला.”

दहा वर्षांपूर्वीच्या साथीत त्यांच्या नवऱ्याचा, इनासचा, राखाडी कळप गेला होता. उरल्या त्या तीन पांढऱ्या माद्या. वर्षभरात इनासही गेला. या माद्या त्या तिघींच्याच वंशातल्या होत्या.

ही यंत्रं आल्यापासून हॅचरीत फक्त पांढरी पिलं काढायला परवानगी होती; घरी रंगीत पक्षी पाळायला बंदी नव्हती. बाकीची अंडी नष्ट करावी लागत.

“नियम मी केलेला नाही, बाय,” मेल्विन हळू आवाजात म्हणाला.

फिलोमिनाबाईंनी भिंतीवरचा परवाना काढून त्याच्या हातात दिला. “आता ही हॅचरी नाही. माझं घर आहे.”

त्यांनी राखाडी पिलांची सहा अंडी खुडूक कोंबडीखाली उबवायला ठेवली. अठ्ठाविसाव्या दिवशी मेल्विन यंत्र न घेता आला. पहिलं पिलू नुकतंच बाहेर आलं होतं. ओलं, धुरकट रंगाचं. नोकरीत त्याने हजारो पिलं पाहिली होती, सगळी पांढऱ्या वाणाची.

“हात लावू का?” त्याने विचारलं.

“आधी वाळू दे,” त्या म्हणाल्या आणि त्याला बसायला पाट दिला.