अर्धा चमचा

सिस्टर अतुहाइरेंनी औषधाची बाटली दाराच्या उजेडात धरली. आतलं हिरवं पाणी जवळजवळ निम्मं शिल्लक होतं.

"बाबा, दोन आठवड्यांची ही बाटली आज संपायला हवी होती."

बागारुकायो उंबऱ्यावर बसला होता. आत त्याची बायको केबिरुंगी चटईवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. गर्भाशयातला कॅन्सर आता कमरेच्या हाडात उतरला होता. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुखणं तेवढं थांबवायचं होतं, त्यासाठी ते मॉर्फिन.

सिस्टरनी तिचे डोळे पाहिले, घड्याळ धरून श्वास मोजले, पोटावर हात ठेवला. पोट दगडासारखं लागलं.

"आई, शौचाला कधी झाली होती?"

"ह्यांच्यासमोर नको विचारूस गं."

"बरं, बोटं दाखवा."

केबिरुंगीनं एक पंजा उघडला, मग दुसऱ्या हाताची तीन बोटं.

"आठ दिवस," सिस्टर म्हणाल्या. "बाबा, या औषधानं आतडी सुस्तावतात. पपईच्या बिया वाळवून, कुटून पेजेतून द्या म्हटलं होतं ना?"

"दिल्या की चार दिवस."

"चार दिवस नाही. औषध आहे तोवर रोज." त्यांनी बाटली पुढं केली. "आणि हे?"

बागारुकायोनं मान खाली घातली. "अर्धाच चमचा देत होतो. चमच्यात वर पाणी घालायचो."

"का पण?"

"पहिले दोन दिवस ती नुसती झोपून होती. हाक मारली की डोळे उघडायची, पुन्हा मिटायची. शेजारीण म्हणाली, हे औषध माणसाला वेळेआधी घेऊन जातं. एक्केचाळीस वर्षं हिच्याशी बोलत आलोय, सिस्टर. अर्धा केला, तशी ती पुन्हा बोलायला लागली."

"ती कित्येक महिन्यांची राहिलेली झोप होती, बाबा. दुखणं थांबलं की शरीर आधी झोपून घेतं. ती गुंगी तीन-चार दिवसांत उतरते. आणखी थोडे दिवस थांबला असतात तर…" पुढचं त्यांनी गिळलं आणि केबिरुंगीकडे वळल्या. "आई, तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं की. कडू लागेनासं झालं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलतच तर होते रोज," केबिरुंगी म्हणाली. "ह्यांना तेच हवं होतं."

बागारुकायोला त्या बारा दुपारी आठवल्या. कुठल्या गाईला कुठलं वासरू झालं, हे ती सांगत बसायची. मधेच थांबायची, घोंगडीचं टोक मुठीत धरून. त्याला वाटायचं, ती आठवतेय.

निघताना सिस्टरनी त्याच्याकडून सगळं वदवून घेतलं. चार-चार तासांनी पूर्ण चमचा. हलवूनही जाग आली नाही किंवा श्वास फार सावकाश पडायला लागला, तर पुढचा डोस द्यायचा नाही, लगेच फोन करायचा. त्यानं तिथंच चमचा भरला. केबिरुंगीनं त्याचं मनगट धरून तो तोंडाला लावला आणि तोंड वाकडं केलं.

मग ती झोपली. तीन दिवस तो शेजारी बसून तिचे श्वास मोजत राहिला. वेळेवर हाक मारायचा, औषध पाजायचा, कुटलेल्या बिया पेजेतून द्यायचा. शेजारीण दारात येऊन गेली. त्यानं तिला आत बोलावलं नाही.

चौथ्या सकाळी केबिरुंगीनं डोळे उघडले. ते स्वच्छ होते. तिनं पाय लांब पसरले.

"कोपऱ्यातल्या केळीला टेकू लावलात?"

"नाही."

"घड खाली येईल ना. जा की. मी आहे इथं."

तो बेचक्याची काठी घेऊन बागेत गेला. घडाखाली काठी रोवली, बेचक्यात दांडा बसवला. घरातून तिचा आवाज आला. आत शिरलेल्या कोंबडीला ती हाकलत होती, शिव्या देत होती.

टेकू केव्हाच नीट बसला होता. तरी तो काठी दोन्ही हातांनी धरून तिथंच उभा राहिला.