अख्खी सुरमई

डेनिस केकचा डबा घेऊन डोंबिवलीत हरिहर जोगळेकरांच्या दारात उभा राहिला, तेव्हा आत कोणीतरी यंत्रासारख्या आवाजात इंग्रजी वाचत होतं. त्याने कान दिला आणि चपापलाच. ते त्याचंच लिखाण होतं.

याच न पाहिलेल्या हरिहररावांना गणपतीनंतर त्याने मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहिली होती.

भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा एक प्रोग्राम जगभरची हौशी मंडळी फुकटात लिहीत होती. ज्याला जे सुचेल ते त्याने ईमेलने पाठवायचं, हरिहररावांनी तपासायचं, पटलं तर आत घ्यायचं, अशी रीत. डेनिसने वर्षभर ऑफिसातून आल्यावर खपून त्यात आपल्या बाजूच्या खाड्या घातल्या. त्याचे गॅब्रिएलमामा ठाण्याच्या खाडीत होडी घालत. वेळ चुकली की होडी चिखलात रुतायची आणि दिवस फुकट. नव्या वर्षाच्या आवृत्तीत आपलं काम यावं आणि मामांच्या हातात नेमकी वेळ पडावी, एवढंच त्याला हवं होतं. इंटरनेटची लाइन लागता लागत नसे. म्हणून गणपतीच्या तोंडावर एकदा लागली तेव्हा त्याने सगळंच्या सगळं एका दमात पाठवून दिलं.

गणपती गेल्यावर उत्तर आलं. ‘फार मोठं आहे. बंदरांची नावं वेगळी करा, चंद्राचं गणित वेगळं, खाडीतला उशीर वेगळा. एका वेळी एकच बदल, आणि वर चार ओळींत कारण.’

डेनिसचं डोकंच फिरलं. “वाचलंपण नाही त्याने! लांबी बघितली आणि दिलं परत.”

त्याची बायको बर्नाडेट विळीवर मासे कापत होती. ती वर न बघताच म्हणाली, “अरे, पाहुण्याच्या ताटात अख्खी सुरमई घालतोस काय? तुकड्या करून वाढ ना.”

चडफडत का होईना, तो बसला. एकेक भाग सुटा करत खाडीतल्या उशिराशी आला. समुद्राची भरती खाडीत आतपर्यंत उशिरा पोहोचते, तो उशीर वेळेत मिळवायचा असतो. हे कारण चार ओळींत लिहिताना त्याचा हात थबकला. त्याने तो वजा केला होता! मामा पाणी चढायच्या आधीच निघाले असते आणि चिखलात बसले असते, तेही भाच्याच्या भरवशावर. राग कुठल्या कुठे गेला. या माणसाचे पाय धरले पाहिजेत, असं त्याला मनापासून वाटलं. म्हणून तर नाताळात तो इथवर आला होता.

हरिहररावांच्या पत्नीने, गोदाताईंनी, दार उघडलं. बाहेर संध्याकाळ झाली होती आणि आत काळोख.

“अगं, पाहुणे आलेत, दिवा लाव,” आतून आवाज आला. “मला काय, दोन्ही सारखंच.”

दिवा लागला. हरिहरराव हसऱ्या चेहऱ्याने दाराकडे वळले होते, पण त्यांची नजर कशावरच नव्हती. संगणकाला जोडलेला एक खोका एकेक ओळ वाचून दाखवत होता.

“सर, मी डेनिस. माजिवड्याहून आलोय, थँक्स म्हणायला.”

“या, या! तुमचाच शेवटचा तुकडा ऐकत होतो. सुरेख झालाय. घेतला आत.”

डेनिसने केकचा डबा गोदाताईंच्या हातात दिला. “सर, मला ठाऊक नव्हतं. ते पहिलं एवढं मोठं बाड तुम्ही कसं ऐकणार होतात? परत केलंत तेच बरं केलंत.”

“न ऐकता कुठे कापायचं ते कसं सांगितलं असतं?” हरिहरराव म्हणाले.

“ते बाड तुमचं होय?” गोदाताई केक कापता कापता हसल्या. “अहो, यंदा गणपतीत आमच्या घरात आरती सोडली तर दुसरं काही वाजलंच नाही!”