पत्र्याचं दार

साहेबराव मुकादमानं छिन्नीचे दोन तुकडे ऐरणीवर टाकले. काचेसारखी तुटली होती.

“तय्यबभाई, हे पोलाद हाय का पापड? गवंडी हसून राहिले माझ्यावर. आज माझ्यासमोर नीट माल करून द्या, न्हाई तर उद्यापासून बाहेरचा घेतो. मग राग धरू नका.”

तय्यबनं तुकडा उलटून पाहिला. आतला दाणा रव्यासारखा जाड पडला होता. पोलाद जास्त तापलं होतं. कुठं चुकतंय ते त्याला ठाऊक होतं, आणि तेच त्याला एका जागी बसू देत नव्हतं. त्यानं सांडशी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली.

तापल्या पोलादाचा रंग अंधारातच खरा दिसतो. उजेडात तो फिका वाटतो, हात थांबत नाही, आणि पोलाद जळून जातं. म्हणून लोहार दार लावून छिन्नीला पाणी देतात, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कडक करतात. तय्यबनं मात्र कधी दार लावलं नाही. अंगणातल्या लिंबाखाली त्याची भट्टी होती. दिवस मावळला की तिथंच तो पाणी द्यायचा. मग समोर क्लासची इमारत उभी राहिली. डॉक्टर व्हायला साऱ्या मराठवाड्यातून लातुरात आलेल्या पोरांसाठी गल्लीत मोठे दिवे लागले. लिंबाखालचा अंधार गेला. भट्टी पत्र्याच्या खोलीत आली, पण खोलीचं दार सताड उघडंच राहिलं.

“लावून घ्या की ते दार,” साहेबराव म्हणाला.

तय्यब दाराजवळ गेला. कडीला हात लावून परत आला.

भूकंपात त्याच्या अंगावर दगडामातीचं घर बसलं होतं. त्या काळोखात भिंतीपलीकडून त्याची आई, बेगमबी, बोलत होती. “तय्यब, मैं हूँ रे. डर मत.” ती बोलत राहिली आणि तो श्वास घेत राहिला. मग तिचं बोलणं थांबलं. लोकांनी त्याला ओढून काढलं, तिला काढलं तेव्हा उशीर झाला होता. त्याला इतकी वर्षं झाली, तरी अजून तो घरात उंबऱ्यापाशीच झोपायचा.

पहाटेच्या क्लासहून आलेली त्याची लेक बुशरा पुस्तक छातीशी धरून हे सगळं बघत होती.

“अब्बा, तुम्ही आत जा. मी दाराशेजारी भिंतीला टेकून बसते आणि मोठ्यानं पाठ करते. माझा आवाज येतोय तोवर मी आहे.”

“आणि थांबलीस तर?”

“थांबते कशाला? पोटाचा धडा आहे. लई लांब आहे!”

साहेबराव हसला. “माझ्या पोटाचं बी सांग गं जरा. सकाळपासून उपाशी हाय.”

दार लागलं. तय्यबच्या कानशिलावर घाम आला. पत्र्याच्या भिंती जवळ आल्यासारख्या वाटल्या. तो दाराकडं वळणार, तेवढ्यात बाहेरून आवाज आला. “तोंड. अन्ननलिका. जठर.” त्यानं श्वास सोडला. भात्याचा पंखा फिरवला आणि पहिली छिन्नी निखाऱ्यात सरकवली.

पोलाद आधी काळपट लाल झालं. मग गुंजेसारखं. त्याला हा रंग नीट दिसून कितीतरी वर्षं झाली होती. तो वाकून बघत राहिला. डाळिंबाच्या दाण्याचा रंग आला तशी त्यानं छिन्नी उचलली आणि पाण्यात बुडवली. चुर्र झालं, वाफ उठली. दुसरी. तिसरी. एकीचं टोक जरा लवकर तापलं, तिला त्यानं निखाऱ्यातून मागं ओढलं. पुढची हळू तापत होती, तिची त्यानं वाट पाहिली.

निम्म्या छिन्न्या झाल्यावर तो दार ढकलून बाहेर आला. साहेबराव कट्ट्यावर बसला होता. तय्यबनं एका छिन्नीवर कानस ओढली. कानस घसरली, धार कडक झाली होती. मग ती छिन्नी त्यानं मुद्दाम ऐरणीवर मोडली. आतला दाणा मैद्यासारखा बारीक होता.

“आता उजेडात हलका ताव दिला की चिवट होतील,” तो म्हणाला. “उरलेल्या झाल्या की सगळ्यांना एकदमच देतो.”

“झकास!” साहेबरावानं तुकडा बोटांवर घासून पाहिला.

“पोरीचा आवाज होता म्हणून झालं. आत्ताच तर मोठ्या आतड्यापर्यंत आली होती...”

साहेबरावानं ओठांवर बोट ठेवलं आणि मानेनं दाराशेजारी खुणावलं. बुशरा भिंतीला टेकून गाढ झोपली होती. पुस्तक मांडीवरून खाली घसरलं होतं.

“कुठलं मोठं आतडं, तय्यबभाई? तुमची पैली छिन्नी पाण्यात चुरचुरली, तवाच जठरात डोळा लागला तिचा.”

तय्यब लेकीकडं बघत राहिला. मग उरलेल्या छिन्न्या करायला तो आत गेला, आणि तिची झोप मोडू नये म्हणून दार त्यानं हलकेच ओढून घेतलं.