तज्ज्ञांचं मत

वृत्तवाहिनीच्या स्टुडिओत प्राध्यापकबाई खुर्चीत बसल्या, तेवढ्यात विद्यापीठाच्या कुलसचिवांचा फोन आला. "मॅडम, त्या पुलाबद्दल एक शब्द जरी बोललात, तर उद्यापासून विभागात पाऊल ठेवू नका."

"बरं," म्हणून बाईंनी फोन बंद केला.

कार्यक्रम सुरू होताच त्यांनी ठणकावून सांगितलं, "खांबांखालची माती वाहून गेलीय. पूल आजच्या आज बंद करा."

निवेदक खोचक हसला. "पण मॅडम, दोनच वर्षांपूर्वी एका तज्ज्ञांनी हाच पूल ठणठणीत असल्याचा दाखला दिला होता. ते काय झोपेत होते?"

 

बाई थेट कॅमेऱ्यात बघत म्हणाल्या, "तो दाखला मीच दिला होता. तेव्हा चुकले, म्हणून आज गप्प बसणार नाही!"